भांगेच्या गोळ्या आणि ब्रेके अँड सन्स

हॅगन, ९ जानेवारी

डॅरिन दादा,

फोन करू नकोस म्हणालास ते बरं केलंस. मला फोनवर बोलताच येत नाही. शाळा पण त्यातच सुटली ना माझी, उभी राहून वाच म्हणायचे आणि माझा घसा बंद. कागदावर मात्र मी बडबडी आहे. उत्तर लव्हॉन काकूंच्या बारच्या पत्त्यावर टाक. तुझं नाव घरात घ्यायचं नाही असं बाबांनी सांगून नऊ वर्षं झाली, पण काकूंचा बार काही त्यांचं घर नाही.

बातमी ही की बाबा मंगळवारी सेंट पॉलला जाऊन विधानसभेच्या कमिटीपुढे बोलून आले. विषय काय, तर भांगेच्या गोळ्या. त्या जेलीच्या असतात ना, कमी नशेच्या, दुकानात मिळतात, त्याच. आता सरकार नियम करतंय की हा माल दुकानापर्यंत होलसेलमध्ये कोणी पोचवायचा. दारूचे होलसेलवाले सगळे म्हणाले, आम्ही. त्यात आपले बाबा पुढे. चर्चचा सूट घातला होता. पेपरात छापून आलंय, मी कापून ठेवलंय: "असा माल जबाबदार हातांतच राहिला पाहिजे. आमच्या घराण्याने तीन पिढ्या गावोगाव दारू जबाबदारीने पोचवली आहे."

लव्हॉन काकूंनी ते मोठ्याने वाचलं तर बारमधले सगळे जबाबदारीने हसले.

खरं कारण वेगळंच. बिअर खपत नाही रे. तरणी पोरं पितच नाहीत आता. गोडाऊनमध्ये खोकी छतापर्यंत गेलीत, दोन्ही हमाल काढून टाकले. आता आम्ही तिघंच, बाबा, गॉर्डी ड्रायव्हर आणि मी. फोर्कलिफ्ट मी चालवते.

जेवताना मी बाबांकडे नुसतं बघितलं. तर ताटातल्या हॉटडिशमधला बटाटा काट्याने इकडून तिकडे करत ते आपले आपणच म्हणाले, "ते वेगळं होतं."

तू हाच माल बनवतोस हे त्यांना माहीत नाही. सांगू का?

तुझी,
टिल्डा

*

विनोना, २० जानेवारी

टिल्डे,

पत्र वाचून मी स्टोव्हपुढे खाली बसलो. पाक करपला.

माझ्या ट्रकमध्ये काडेपेटीत मावेल एवढा भांगेचा पाला सापडला म्हणून ज्या माणसाने स्वतः शेरीफला फोन लावला, आणि शेरीफला यायला वेळ लागला तर त्याच्यासाठी कॉफी करून ठेवली, तो माणूस आता जबाबदार हात. मी सुटून आलो तेव्हा माझे कपडे बिअरच्या खोक्यात भरून पायरीवर ठेवले होते. खोकं मात्र चांगलं निवडलेलं, जाड पुठ्ठ्याचं. माल नीट पॅक करायचा हे घराण्यात आहेच.

सांगू नकोस. अजिबात.

पण माझी पंचाईत ऐक. आतापर्यंत मी ‘उणे नऊ’ नावाच्या माझ्या गोळ्या स्वतःच्या गाडीत टाकून दुकानादुकानांत देत होतो. रानचेरीची आणि आंबट ऱ्हुबार्बची, दोन्ही चवी चालतात. एक एप्रिलपासून ते बंद. मधे लायसनवाला होलसेलर पाहिजेच. मिनियापोलिसच्या मोठ्या कंपनीकडे गेलो होतो. तिथला माणूस माझ्याच वयाचा, पायात पांढरे बूट. म्हणे, "माल घेऊ, पण नाव आमचं लावू. तुम्ही पगारावर राहा." मी सहा वर्षं भाड्याच्या किचनमध्ये हात भाजून घेतले ते त्याच्या नावासाठी नाही.

आणि उत्तरेकडे होलसेलर कोण? माझी सगळी दुकानं ज्या भागात आहेत तिकडे ट्रक कोणाचे फिरतात? ब्रेके अँड सन्स. बघ म्हणजे. ज्याने पाल्यापायी मला घराबाहेर काढलं, त्याच पाल्यापायी मला त्याच्या दारात उभं राहायचंय.

दारात मी उभा राहणार नाही. एक खोकं पाठवतोय. नावाचे कागद सोलून काढलेत. कुठलंतरी सँपल आलंय म्हणून त्यांच्या टेबलावर ठेव. आवडलं तर माल घेऊ देत, कोणाचा ते नंतर बघू.

स्वतः खाऊ नकोस, अठराची आहेस.

डॅरिन

*

हॅगन, ८ फेब्रुवारी

दादा,

खोकं ठेवलं. बाबांनी दरवाजा लावून घेऊन एक गोळी खाल्ली, रानचेरीची. बाहेर आले तर गॉर्डी विचारतो, "कशी आहे, व्हर्लिन?" बाबा म्हणाले, "वाईट नाही."

वाईट नाही, दादा! लग्नाच्या दिवशी आईबद्दल पण ते एवढंच बोलले होते म्हणे.

मग त्यांनी नियमांची चोपडी घेतली आणि गोडाऊनच्या फरशीवर पिवळी पट्टी चिकटवली. पट्टीच्या पलीकडे भांगेचा माल, अलीकडे दारू. एकवीस वर्षांच्या आतल्याने पलीकडे पाय ठेवायचा नाही. म्हणजे मी व्होडकाचा अख्खा डोंगर उचलून इकडून तिकडे न्यायचा, ते चालतं. जेलीच्या गोळीला बोट लावलं तर गुन्हा. आता उरले बाबा आणि गॉर्डी. एकाची कंबर गेलेली, एकाचे गुडघे. दोघं मिळून रिकामी खोकी पलीकडे नेऊन सराव करत होते, मी अलीकडून बघत होते.

पण खरा घोटाळा पुढेच आहे.

गुरुवारी सरकारी ऑफिसातून इन्स्पेक्टर बाई आल्या. किंताना नावाच्या. ॲरिझोनातून नवीनच आल्यात, पातळ कोट बघूनच कळत होतं. बाबांनी विचारलं, "कॉफी घेणार?" तर बाई म्हणाल्या, "हो, द्या ना."

पहिल्याच वेळी. गॉर्डीने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. बाबांनी तर अजून भांडं पण चढवलं नव्हतं, ते दुसऱ्यांदा विचारायच्या तयारीत होते.

तरी ते जाऊ दे. बाईंनी सगळं तपासलं, पट्टी बघून खूष झाल्या. मग फाइल उघडून म्हणाल्या, "मिस्टर ब्रेके, दारूचं लायसन आहेच तुमचं. त्यावर भांगेच्या मालाची परवानगी जोडून देऊ का?"

बाबा म्हणाले, "छे छे, कशाला उगीच तुम्हाला त्रास."

बाईंनी लिहिलं: अर्जदाराने नकार दिला. फाइल मिटली, हात मिळवला, गाडीत बसल्या आणि गेल्या.

बाबा दारातच उभे. त्यांना वाटलं, काहीतरी आणायला गाडीपाशी गेल्यात, येऊन परत विचारतील. दार उघडं टाकून अर्धा तास उभे होते. सगळी ऊब गेली बाहेर.

सेंट पॉलला जाऊन सगळ्या राज्यासमोर मागून आले. आणि एक बाई हातात द्यायला आली तर नको म्हणाले.

टिल्डा

*

विनोना, १६ फेब्रुवारी

टिल्डे,

हसून हसून पोट दुखलं. मग जरा वेळाने नुसतंच दुखायला लागलं.

मला पण हेच झालं होतं. इकडे आलो तेव्हा भूक लागलेली, बेकरीवाल्याने विचारलं पाव घेतोस का, मी म्हटलं नको नको. तो म्हणाला बरं. आणि पाव परत आत ठेवला. दोन दिवस मी त्याला शिव्या देत होतो. आपल्या गावातून बाहेर पडल्याशिवाय कळतच नाही की बाकीच्या जगात नको म्हणजे नको असतं.

म्हाताऱ्याला म्हणावं फोन कर आणि सांग, मला पाहिजे. दोन शब्द आहेत. पण करणार नाही तो. आयुष्यात त्याने कोणाकडे मीठ मागितलं नाही, "या बटाट्याला काय झालंय" म्हणतो आणि वाट बघतो.

इकडे पांढऱ्या बुटाने करार पाठवलाय. महिनाअखेर सही करा म्हणे, मार्चच्या. सही केली की ‘उणे नऊ’ गेलं, मी पगारी आचारी. नाही केली आणि बाबांना परवानगी मिळाली नाही, तर माल किचनमध्येच वाळणार.

कोणीतरी त्या बाईला समजावून सांगायला पाहिजे. तू नको, तुझा जीव जाईल. लव्हॉन काकूंना सांग, त्या पोलिसाला पण ऐकवतात.

डॅरिन

*

हॅगन, ३ मार्च

दादा,

मीच बोलले. आधी बस, मग वाच.

बाबांनी फोन केला नाहीच. "त्यांना पत्ता माहितीय माझा," म्हणाले. शनिवारी काकूंच्या बारमध्ये मांसाच्या पाकिटांची सोडत होती. नेहमीचीच, चक्र फिरवायचं, नंबर लागला की बेकन नाहीतर चॉप्सचं पाकीट. सकाळपासून हिमवादळ, हायवे बंद, आणि किंताना बाई शेजारच्या मोटेलात अडकलेल्या. जेवायला बारमध्ये आल्या. त्यांना तिकीट घ्यायला लावलं तर पहिल्याच फिरकीला डुकराच्या बरगड्या लागल्या. मोटेलात त्या बरगड्यांचं करायचं काय, म्हणून मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

मी काकूंना खूण केली, जा ना, बोला. काकू म्हणाल्या, "माझ्या हातात चक्र आहे. तुझी जीभ कुठे गहाण आहे का? जा."

गेले. बाईंनी विचारलं, "बसतेस?" मी म्हटलं, "नाही नाही, ठीक आहे." त्यांनी मान हलवली आणि जेवायला लागल्या. मी तशीच उभी. मग माझं मलाच हसू आलं आणि हसता हसता बोलून गेले, "बघा, आत्ता मला बसायचं होतं."

त्यांना काही कळेना. मग मी सगळं सांगितलं. आमच्याकडे पहिल्यांदा हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. दुसऱ्यांदा नको म्हणायचं तर जरा हळू म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग बरं म्हणायचं.

बाई म्हणाल्या, "म्हणजे या जिल्ह्यात मी जे जे नकार लिहिलेत..."

"किती आहेत?"

"सगळेच," म्हणाल्या, आणि बरगड्या बाजूला ठेवल्या.

सोमवारी रस्ता उघडल्यावर पहिल्यांदा आपल्याकडे आल्या. बाबा दारात. बाई कागद वाचल्यासारख्या म्हणाल्या, "मिस्टर ब्रेके, परवानगी जोडू का?" "छे छे, राहू द्या." "परवानगी जोडू का?" "तुम्हाला किती कामं असतील." "मिस्टर ब्रेके, परवानगी जोडू का?"

बाबांनी टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "आता तुमचा एवढा आग्रहच असेल तर."

फॉर्म देऊन गेल्यात. पंधरा पानी आहे. तीन आठवड्यांनी येऊन घेऊन जाणार. बाबा रोज जेवणानंतर एक पान भरतात, पेन्सिलीने.

आणि दादा, कोणाचा माल घेणार ते पण लिहायचं असतं. बाबा म्हणतायत, ती चेरीवाली गोळी घेऊ.

टिल्डा

*

विनोना, ९ मार्च

टिल्डे,

तू बोललीस. परक्या बाईशी, उभी राहून. बेकरीवाल्याला सांगितलं मी, त्याला काय कळणार, पण सांगितलं.

आता नीट ऐक. तो फॉर्म माझ्याकडे पण आहे, बनवणाऱ्यांचा. त्यात एक प्रश्न आहे, त्यांच्याही फॉर्ममध्ये असणार: माल बनवणाऱ्या कोणाशी तुमचं नातं आहे का. दारूतला जुना नियम आहे हा. बनवणारा, पोचवणारा आणि विकणारा, तिघं एकमेकांचे कोणी असता कामा नयेत, नाहीतर संगनमत करतात म्हणे. तोच आता गोळ्यांना लावलाय. नातं निघालं की परवानगी नाही. सरळ हिशोब.

म्हणजे मी त्यांचा मुलगा असेन तर माझा माल त्यांच्या ट्रकमध्ये चढत नाही. नसेन तर चढतो.

अडचण काहीच नाही. नऊ वर्षं तो माणूस चर्चमध्ये, बारमध्ये, न्हाव्याकडे सांगत फिरतोय की मला एक मुलगी आहे, बस. तेच आता पेनाने लिहायचंय. सरकारने पहिल्यांदा असा नियम केलाय की ज्यात घरातून हाकलून दिलेल्या पोराचा फायदा आहे.

तू फक्त एवढं कर. माल माझा आहे हे आता सांगावंच लागेल, मालकाचं नाव फॉर्मात येतंच. सांग, आणि म्हण, नात्याच्या रकान्यात ‘नाही’ लिहा. मला वाईट वाटणार नाही. मला दुकानं पाहिजेत, टिल्डे. बाप नऊ वर्षांपूर्वीच हिशोबातून काढलाय.

डॅरिन

*

हॅगन, २५ मार्च

दादा,

कसं सांगू कळत नाही म्हणून क्रमानेच सांगते.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "ती चेरीची गोळी." बाबा फॉर्मवरून मान वर न काढता म्हणाले, "डॅरिनची आहे. माहितीय."

अरे, तू खोक्यावरचे कागद सोललेस, पण आतल्या डब्यांच्या बुडाला छापलेलं तसंच होतं. बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, नियमाप्रमाणे. बाबांनी पहिल्याच दिवशी डबा उलटा करून वाचलं होतं. तेव्हापासून माहीत होतं त्यांना. मी इकडे लपवतेय, तू तिकडे लपवतोयस, आणि ते रोज जेवायला बसून मला म्हणतायत, "आज थंडी बरीच आहे."

मग मी तुझं म्हणणं सांगितलं. कागदावर लिहून दिलं, बोलता येईना. ते वाचून त्यांनी घडी घातली आणि खिशात ठेवली. "बरोबर आहे त्याचं," म्हणाले.

मला वाटलं, झालं काम.

काल किंताना बाई आल्या. यावेळी कॉफीला दोनदा नको म्हणाल्या, शिकल्यात. फॉर्म चाळत चाळत त्या पानावर थांबल्या. पान कोरं होतं. बाकी सगळी पेनाने गिरवलेली, तेवढं कोरं. म्हणाल्या, "इथे राहिलंय. बनवणारा डी. ब्रेके, तुम्ही ब्रेके. तुमच्या ट्रकवर अँड सन्स लिहिलंय. मला विचारावंच लागेल. हा तुमचा कोणी लागतो का?"

गॉर्डी पट्टीच्या पलीकडे होता, मी अलीकडे. मी बाबांच्या पाठीकडे बघून मनात म्हणत होते, नाही म्हणा, नाही म्हणा.

बाबा म्हणाले, "मुलगा आहे माझा. मोठा."

बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "मिस्टर ब्रेके, मी परत विचारू का? इथे तीन वेळा विचारतात ना." त्या बिचाऱ्या मदत करत होत्या, दादा.

बाबा म्हणाले, "ह्याला नाही."

परवानगी नामंजूर. या भागातला सगळा माल आता पांढऱ्या बुटांच्या कंपनीकडे जाणार. गॉर्डीला बाबांनी अर्ध्या दिवसावर आणलं. पट्टी मीच खरवडून काढली फरशीवरून.

तुझं नुकसान झालं. माझ्यावर राग काढ, मी ऐकून घेईन. बाबांना काही विचारलं नाही मी. त्यांनी आज सकाळी उठून ट्रक धुतला. बाहेर उणे दहा असताना. पाणी पडल्या पडल्या गोठत होतं, तरी धुतला.

टिल्डा

*

विनोना, १७ एप्रिल

टिल्डे,

उशीर झाला. तुझं पत्र आल्यावर पहिले चार दिवस मी नुसत्या शिव्या देत होतो, तुला नाही, त्याला. नऊ वर्षं तो माणूस फुकटात म्हणत राहिला, मला मुलगा नाही. ज्या दिवशी तसं म्हणायचे पैसे मिळणार होते, त्याच दिवशी त्याला ते म्हणवेना. असा धंदा करतात का? त्याचा बाप असता तर त्याने नोकरीवरून काढला असता.

करारावर सही नाही केली. का, ते विचारू नकोस, मलाही नीट सांगता येत नाही. पेन हातात घेतलं होतं. बनवणाऱ्याने स्वतःच्या दारात विकलेलं चालतं, तेवढी फट ठेवलीय नियमात. म्हणून किचनच्या पुढच्या खिडकीत काउंटर टाकलंय. सकाळी बेकरीत पाव भाजतो, दुपारी खिडकीत बसतो. उत्तरेतली दुकानं गेली. गेली ती गेली. पांढऱ्या बुटाने तिकडे स्वतःची चेरीची गोळी आणलीय म्हणतात, खोकल्याच्या औषधासारखी लागते.

आता काल काय झालं ते. म्हाताऱ्याने तुला म्हणे सांगितलंय की टायर बघायला जातो.

चार गिऱ्हाइकं रांगेत होती. कॉलेजची दोन पोरं, एक नर्स, आणि शेवटी टोपी हातात घेतलेला एक म्हातारा. लांबून ओळखलं मी. पळून जाता येत नव्हतं, खिडकीत होतो. तो रांग सोडून पुढे आला नाही. नर्स म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, आजोबा," तर म्हणाला, "नको नको." ती दोनदा म्हणाली, मग स्वतःच पुढे झाली.

पुढे आला. म्हणाला, "चेरीची एक डबी."

खिडकीवर नियम चिकटवलेला आहे, प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं, म्हातारा असला तरी. तोवर मागे आणखी एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं. काय करू? म्हटलं, "ओळखपत्र दाखवा."

त्याने पाकीट काढलं, कार्ड काढलं, माझ्या हातात दिलं. शाळेतल्या पोरासारखा हात खाली घेऊन उभा राहिला. मी वाचलं. व्हर्लिन ऑस्कर ब्रेके. जन्मतारीख वाचली. फोटोत पण तोच शर्ट होता. ते कार्ड परत देववेना मला, टिल्डे, काहीतरी बोलायला पाहिजे होतं आणि तुझ्यासारखा माझा घसा बंद. मग बँकेतले विचारतात तसं विचारून बसलो, "पत्ता हाच आहे अजून?"

"तोच आहे," म्हणाला. डबी कोटाच्या खिशात ठेवली. टोपी घातली. मग परत काढली.

"खोली पण तीच आहे," म्हणाला. "तुझी."

डॅरिन